मडक्यांची बाग आणि आप्पांची अट

आमच्या कॉलनीच्या बागेचे किस्से सांगायला बसलो की बायको चहाचं आधण दुप्पट ठेवते. बाग जेमतेम दोन गुंठ्यांची, पण किस्से भिजवलेल्या मटकीसारखे रात्रंदिवस फुगतच असतात. मी ठरवून एक सांगायला जातो आणि पाचावर जाऊन थांबतो.

कोल्हापूर म्हटलं की पावण्यांना पाणीच पाणी दिसतं. आमची कॉलनी मात्र टेकाडावर, निव्वळ मुरमावर. पावसाळ्यात खाली नदी रस्त्यावर येते आणि उन्हाळ्यात वर आमच्या नळाला नुसती हवा येते. एका महापुरात हायवे बंद पडला, आठवडाभर भाजीची गाडी आली नाही आणि सोळा घरांनी एका शेवग्याच्या झाडावर दिवस काढले. तेव्हाच ठरलं, मोकळ्या प्लॉटवर आपली भाजी आपण लावायची. घरांना आणि कोपऱ्यातल्या अंगणवाडीला.

ठरवलं सगळ्यांनी, पण येत होतं फक्त दस्तगीर चाचांना. चाचा मूळचे आमच्यातलेच, पण बावीस वर्षं आखातातल्या एका वाळवंटी शहरात माळीकाम करून परतलेले. चाची आधीच गेलेल्या. मुलगा पुण्यात. तो रोज फोन करून या म्हणायचा आणि चाचा रोज एकच सांगायचे, "बाग हाय तवर हितंच. बाग गेली की येतो."

आता बाग जाणार की राहणार हे आप्पांच्या हातात. आप्पा म्हणजे आमचे अध्यक्ष, रिटायर्ड ओव्हरसियर. त्यांना त्या प्लॉटवर पार्किंग हवं होतं, कारण त्यांची नवी गाडी दारात उन्हात तापत होती. त्यांनी सभेत अट घातली. पाडव्यापासून मृगापर्यंत बागेला नळाचं थेंबभर पाणी द्यायचं नाही. जगली तर बाग, वाळली तर पार्किंग.

मग चाचांकडे बघून म्हणाले, "काय पावणं, जमतंय का?"

बावीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला ते मुद्दाम पावणं म्हणायचे. चाचा एवढंच म्हणाले, "जमवू की."

*

चाचांची पद्धत साधी. बिनरंगाचं कच्चं दिसणारं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, भोवती रोपं लावायची आणि मडक्यात पाणी भरायचं. पाणी हळूहळू झिरपतं, मुळं आपली आपण पितात. एकदा भरलं की चार दिवस बघायला नको. पाणी कुठलं, तर स्वयंपाकघरातलं, एकदा वापरलेलं, घरोघरी बादलीत साठवायचं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, फडक्यानं गाळून.

मडक्यांची ऑर्डर मी दिली. माझं शाहूपुरीत झेरॉक्सचं दुकान, आणि ओळखीचे कुंभारमामा जवळच. आठ दिवसांनी तीस मडकी आली. चाचा रोपं आणायला गेलेले, तेवढ्यात आम्ही हौसेनं पुरली, भरली. चौथ्या दिवशी बघतो तर पाणी काठोकाठ तसंच, आणि रोपांनी माना टाकलेल्या!

चाचांनी एक मडकं उकरून काढलं. बाहेरून झकास ऑइलपेंट, वर सोनेरी काठ. रंगानं मडक्याची भोकं बुजतात हे पुरायच्या गडबडीत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मामा वर्षभर गणपती करतात, हात सवयीनं रंगाकडे गेलेला.

मी मामांच्या दुकानात जाऊन जाब विचारला तर मामाच माझ्यावर चिडले. म्हणाले, "गणपती धा दिवसांत पाण्यात जातोय, तरी रंगवतो. ही तर जन्मभर मातीत जाणार. बोडकी कशी धाडू?"

बोलून झाल्यावर मात्र मामांनी सगळी मडकी परत नेली, भट्टीत घालून रंग जाळला आणि स्वतः टेम्पोत बसून आणून दिली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

*

मडक्यांच्या तोंडावर डास बसू नयेत म्हणून फडकं बांधायचं ठरलं. अंगणवाडीच्या शोभाताईंकडे स्नेहसंमेलनातलं लाल कापड उरलेलं होतं. त्यांनी तीस तुकडे केले आणि बांधून टाकले.

दुसऱ्या दिवशी एका मडक्यावर हळदकुंकू. तिसऱ्या दिवशी चार मडक्यांवर. मंगळवारी नारळ! बाहेरच्या रस्त्यानं जाणाऱ्या बायकांना जमिनीत पुरलेलं, लाल फडकं बांधलेलं काहीतरी दिसलं आणि त्यांनी जे करायचं ते केलं.

शोभाताई म्हणाल्या, कापड बदलू. चाचांनी नको म्हणून हात केला. नारळाच्या शेंड्या त्यांना मातीवर पसरायला हव्या होत्या आणि खोबरं अंगणवाडीच्या पोरांना. "ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले, "देव पावला."

*

माती झाकायला उसाचा पाला लागतो, म्हणजे पाचट. माझा मावसभाऊ मुरगूडला. मी फोन करून म्हटलं, टेम्पोभर पाचट पाठव. त्याला वाटलं मी म्हैस घेतली. म्हटलं, म्हैस नाही, वांगी आहेत.

 तर तो बायकोला फोन दे म्हणायला लागला. तिला म्हणाला, "वैनी, दादा बरा हाय न्हवं? वांग्याला पाचट घालतो म्हणतोय."

पाचट मात्र पाठवलं. त्या उन्हाळ्यात स्वतः येऊन पाचटात हात घालून बघितलं, तर खाली माती गार. जाताना आमच्याच वांग्यांची पिशवी भरून घेऊन गेला.

*

रविवारचा प्रश्न वेगळाच. कोल्हापुरात रविवारी कुठलं पाणी बादलीत येणार हे सांगायला नको. शेजारच्या माई माळकरी. त्यांनी विचारलं, मटण धुतलेलं पाणी कुठल्या वाफ्याला जातं ते सांगा, म्हणजे मी तिथली भाजी घेणार नाही.

रास्त होतं. चाचांनी कुंपणाशी एकच भोपळ्याचा वेल रविवारचा म्हणून ठरवून दिला. दीड महिन्यात त्या वेलाला असले भोपळे लागले की दोन्ही हातांनी उचलावे लागत. बाकीच्या वेलांना नुसती पानं.

एका सकाळी माई पिशवी घेऊन त्याच वेलाशी उभ्या. मला बघून त्याच म्हणाल्या, "भोपळ्यानं कुठं खाल्लंय? त्यानं पाणी पिलंय."

*

आता शेवटचा.

मे महिन्यात नळ तीन दिवसाआड आला. पाणीच नाही तर तांदूळ धुतलेलं पाणी तरी कुठून येणार? बादल्या अर्ध्या येऊ लागल्या. चाचांनी दोन दिवस नुसता हिशेब केला आणि सांगितलं, सगळी बाग जगणार नाही. पंधरा मडकी भरायची, पंधरा सोडायची. सोडायच्या मडक्यांवरची लाल फडकी त्यांनी स्वतः सोडली, घडी करून खिशात ठेवली. त्यात दोडक्याचा मांडव होता, त्यांचा सगळ्यात लाडका. त्या दिवशी मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच पुण्याच्या गाडीची वेळ विचारली. मला फार वाईट वाटलं.

आठवडा गेला. सोडलेला दोडका वाळायचं नाव घेईना. चाचांनी मडक्यात काडी घातली. ओली. त्यांना कुंभारमामांचा रंग आठवला. भोकं बुजली असतील म्हणून त्यांनी मडकं उकरलं. मडकं ठणठणीत, म्हणजे कुणीतरी पाणी घालत होतं.

मग एका पहाटे, उजाडता उजाडता, ते पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. पहिल्यांदा शोभाताई आल्या, हातात पिण्याच्या पाण्याचा तांब्या. मग मी, बाटली घेऊन. मग माई. चोरून येतोय असं प्रत्येकाला वाटत होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याला बघून टाकीमागे चाचांशेजारी बसत होता. चौघं झालो.

तेवढ्यात गेट वाजलं. आप्पा. बनियनवर, हातात पितळी तांब्या. इकडंतिकडं बघितलं, दोडक्याच्या मडक्यात तांब्या रिकामा केला आणि बोटानं पानाखालचं फळ चाचपून बघितलं.

चाचा उठले. आम्ही त्यांना ओढत होतो, पण उठले. गेली तर त्यांचीच बाग जाणार होती, तरी तेच म्हणाले, "आप्पा, पाणी नळाचं हाय?"

आप्पा दचकले, पण खोटं बोलले नाहीत. "हाय."

"मग अट मोडली."

आप्पांनी रिकाम्या तांब्याकडं बघितलं. मग टाकीमागून पुढं आलेल्या आमच्या तिघांच्या हातातल्या भांड्यांकडं.

"माझ्या प्यायच्या वाटणीचं हुतं," ते म्हणाले. "दारात आलेल्या पावण्याला पाणी इचारायची बी अट लागती व्हय?"

चाचांनी खिशातून लाल फडकी काढली आणि एक एक करून परत बांधायला बसले. आप्पा गाठी मारायला खाली बसले.

परवा सकाळी दुकानाला निघालो तर आप्पांची गाडी दारात, रणरणत्या उन्हात. बॉनेटवर वर्तमानपत्र, कडेला चार दगड, आणि वर दोडक्याचं बी वाळत घातलेलं. आप्पा पिशवी घेऊन चालत शाहूपुरीकडं निघाले होते. म्हटलं, आप्पा, एवढ्या उन्हाचं चालत? गाडी न्यायची की.

"ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले. "दस्तगीरचं बी वाळू दे."