जिनिंगच्या दारावरचा नारळ

कापूस जळाल्याचा वास कुठे आला, की मला मारेगावकडची ती जिनिंग आजही आठवते. मी तेव्हा तिथला ठाणेदार होतो. निवृत्ती जवळ आली होती, आणि अशा दिवसांत माणसाला भानगडी नको असतात. पण भानगडींना हे कोण सांगणार?

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. ऐन हंगामात तिथल्या कामगार बाया काम बंद करून गेटसमोर बसल्या होत्या. सिलिंडर महागला, तेल महागलं, तांड्यावरून आणणाऱ्या ऑटोवाल्यानेही भाडं वाढवलं. रोजी मात्र तीन हंगाम जागची हलली नव्हती. त्यातही ती मुकादमाच्या हातून मिळे आणि थोडी त्याच्याच हाताला चिकटून राही. रोजी वाढवा आणि सरळ आमच्या हाती द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या वतीने बोलायला एक बंजारा बाई होती, पस्तिशीची, खणखणीत आवाजाची. बंदोबस्तावरचे माझे दोन शिपाईही तिला जरा दबूनच असत.

एका दुपारी आवारातल्या कापसाच्या गंजीला आग लागली. बंब पोचायच्या आत आमच्या बीट जमादाराचा खबऱ्या धापा टाकत ठाण्यात आला.

"साहेब, ते पुढारीन बाई हाये ना, तिनंच लावली. मागच्या कंपाउंडातून आत गेलती."

"तू पाहिलंस?"

"नाई. टपरीवर समदे बोलून राह्यले."

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो. प्रश्न विचारायच्या आत उत्तर हजर झालं की मला आधी उत्तराचाच संशय येतो. ही खोड नोकरीने लावली. घरच्यांनाही तिचा बराच त्रास झाला आहे.

जिनिंगवर शेठ भेटला. गंजी धुमसत होती, शेजारच्या शेडची दर्शनी भिंत काळी ठिक्कर पडली होती. कापूस किती जळाला हे सांगायच्या आधी तो म्हणाला, "तिला उचला साहेब. बाकीच्या उद्या आपोआप कामावर येतात." आता मला शेठचाही संशय येऊ लागला. विम्याचे पैसे मिळणं आणि संप मोडणं, दोन्ही एका काडीत साधत होतं.

बाईचा जबाब तिच्या घरीच घ्यावा लागतो. महिला शिपाईला घेऊन तांड्यावर गेलो. दारात तिची बारावीतली मुलगी उभी होती, पांढरीफटक. आई आत गेली तर संप मोडणार, काम सुटणार आणि आपलं शिक्षणही तिथेच थांबणार, हे तिला कळत होतं.

"कंपाउंडात गेली होतीस?" मी बाईला विचारलं.

"हाव, गेलती. पानी आनाले. गेटवरचा नळ शेठनं बंद केला. मंग काय तहानलेलं बसाव?"

सरळ कबुली. म्हणजे खबर निम्मी खरी निघाली, आणि निम्मी खरी खबर फार वाईट. माझा संशय बळावला. तेवढ्यात तिनेच विचारलं, "नारळ जळला का साहेब?"

"कसला नारळ?"

हंगामाच्या मुहूर्ताला बाया शेडच्या दारावर लाल कापडात नारळ बांधतात. कापसाची शेवटची गठाण बांधून होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मधेच उतरला तर हंगाम बुडतो, असं शेठपासून झाडूवालीपर्यंत सगळे मानतात. मला वाटलं, बाई पक्की आहे. अंगावर गुन्हा यायची वेळ आणि हिला नारळाची पडली आहे. नाटक असेल. तरी जबाब लिहून घेतला आणि पंचांना घेऊन परत शेडकडे आलो.

दारावरचा खिळा काळा होता. खिळ्याखालची भिंतही सारखी काळी. आग लागली तेव्हा नारळ तिथे असता, तर त्याच्यामागे भिंतीचा तेवढा तुकडा पांढरा राहिला असता. खाली राखेत करवंटीचा तुकडाही सापडला नाही. नारळ आगीच्या आधीच उतरला होता. पंचनाम्यात मी तसं लिहिलं. उतरवणाऱ्याला आग लागणार हे आधीच ठाऊक असणार.

मग खबऱ्याला पुन्हा बसवलं. चहा पाजला, जरा दरडावलं. टपरीवरचे समदे म्हणजे एकटा मुकादम निघाला.

मुकादम ठाण्यात आला तो छाती काढून. "म्या तं दुपारी मारेगावात होतो साहेब."

"नारळ कुठे आहे?"

"जळला असन."

"भिंत तसं म्हणत नाही."

घरझडतीत नारळ त्याच्या देवघरात सापडला, कापडासकट, हळदकुंकू ताजं. काजळीचा डाग नाही.

"देवीचा होता साहेब," तो खाली बसत म्हणाला, "त्याले कसा जळू देऊ? बाईले उचललं का संप मोडते, असं वाटलं. कचऱ्याच्या कापसालेच लावली होती. हवा फिरली."

एका बाईला जेलमध्ये धाडताना तो कचरला नाही. नारळ जाळायला मात्र कचरला. मला त्याचा संताप आला, आजही येतो. शेठला हे आधी ठाऊक होतं का, ते मी सिद्ध करू शकलो नाही. संशय मात्र माझ्याजवळच राहिला आहे.

पुढे शेठ रोजी सरळ हाती द्यायला कबूल झाला, वाढवायला नाही. घरात पीठ संपलं तशा बाया कामावर गेल्या. एके दिवशी ती बाई ठाण्यात आली.

"नारळ द्या साहेब, दारावर बांधाचा हाये."

"तो मुद्देमाल आहे बाई. खटला संपेपर्यंत मिळत नाही."

तिने मान हलवली. दारापर्यंत गेली आणि वळली. "आग कोनं लावली ते तुमी शोधलं. आमची रोजी कोनं धरून ठेवली, ते कधी शोधसान?"

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही, कामाच्या पाळीची वेळ झाली होती.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, की आपला संशय आधी गेटबाहेर बसलेल्या माणसाकडे जातो, कारण तो समोर दिसतो. गेटच्या आत काय चाललं आहे हे बघायला कोणी सांगत नाही. ते आपण होऊन बघावं लागतं. आणि बघूनही सगळं आपल्या हातात नसतं. खटला अजून चालू आहे. तो नारळ लाखेचं सील लावून मुद्देमालाच्या खोलीत पडला आहे. बायांनी शेडच्या दारावर दुसरा बांधला, आणि त्याच्याखालून त्या अजून जुन्याच रोजीवर कामाला जातात.