देणे बाकी

माझ्या सासूबाई सुंदराबाई आणि सासरे बुधाजी, दोघांनी डिलाईल रोडच्या चाळीत जन्म काढला, पण वाण्याकडे कधी उधारी ठेवली नाही. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी वॉचमनची नोकरी धरली, तरी कुणापुढे हात पसरला नाही. ते गेल्याला वर्ष होत आलं. वर्षाच्या पुण्यानुमोदनाची, त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती, तेवढ्यात शेजारच्या लक्ष्मीकाकूंनी हळूच विचारलं, "बुधाजींचं पतपेढीत काही राहिलंय का गं? फळ्यावर नाव आहे."

मी हबकलेच. आई तर घरातल्या चपलांवरच निघाल्या.

पतपेढीच्या दाराशी फळा होता. त्यावर ठळक अक्षरांत: मयत सभासद बुधाजी जाधव, देणे बाकी रु. ८.

"माझ्या माणसाने कुणाचे आठ रुपये ठेवले?" आईंचा आवाज चढला.

मॅनेजर अजित घाईने उठला. "मावशी, त्यांचं नाही, देणं आमचं! खातं बंद करताना शिल्लक राहिली, ती आम्ही तुम्हाला द्यायची. पण चेक काढायचा तर ऐंशी रुपये खर्च. दहाच्या आतलं परवडत नाही."

माझं डोकंच फिरलं. ज्याच्या नावापुढे 'देणे' लिहाल, त्यानेच बुडवले असं लोक समजणार ना! अजितने खिशातून दहाची नोट काढली. "घ्या, मिटवून टाका."

"मग नाव पुसणार?"

"नाही ओ मावशी, ते खात्यातूनच जायला पाहिजे." त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि गडबडला. "मुळात चारच होते. मार्चमध्ये कुणीतरी बाकी फेडायला म्हणून चार भरलेत, ते यातच जमा झाले. भिवा तांबे."

"आणि तुम्ही घेतले?" मी ओरडलेच. पैसे द्यायचे पतपेढीने, आणि उलटे घेतले कुणाकडून, तर भिवाकाकांकडून! गिरणीत बाबांच्या शेजारच्या साच्यावर कापड विणायचे ते.

आई बाकावर बसल्या.

"भिवाभावजी कालच चहाला आले होते. एक अक्षर बोलले नाहीत." आई म्हणाल्या. "त्यांनासुद्धा वाटलं, हे कुणाचं तरी ठेवून गेले."

मग पदराने तोंड पुसून त्या उठल्या.

"दोन चेक काढा. भावजींचा वेगळा. रविवारी पुण्यानुमोदनाला सगळ्यांदेखत त्यांच्या हातात देणार आहे मी."

अजितने खर्चाचं नाव न काढता चेकबुक पुढे ओढलं.