जांभळा सरडा

१९७८ च्या दिवाळीत भंडाऱ्याच्या आमच्या साप्ताहिकात सरड्याची कविता छापून आली. सरड्याचं चित्र आलं नाही.

कवी आणि चित्रकार एकच. कोंढ्याजवळच्या गुरांच्या दवाखान्यात ते पट्टीबंधक होते. घोरपड, पाल, कासव, मगर काढायचे आणि प्रत्येकाच्या तोंडी एक कविता द्यायचे. काढायचे जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधात काडी बुडवून.

"बैलाले डॉक्टर हाये, म्हशीले हाये. घोरपडीचं कोण आयकते जी?"

कार्यालयात आले की कागद टेबलावर पसरून कवितेवर तळहात ठेवत. "पयले चित्र पाहा जी. मंग कविता." कवितेला शीर्षक नसे. चित्र हेच शीर्षक.

त्यांचे पहिले वाचक दवाखान्याचे डॉक्टर. डॉक्टरांना कंपवात होता, मान सारखी हलायची. पाल पाहून ते म्हणाले होते, "ही माझ्या सासूबाईंना दाखवू नकोस."

तेव्हा चित्राचा फोटो काढून त्यावरून छपाईचा ठसा, म्हणजे ब्लॉक, नागपूरहून करून यायचा. जांभळा रंग त्या कॅमेऱ्यात उमटत नसे. मला हे माहीत होतं. काळ्या शाईत काढा, एवढं सांगायचं राहिलं. ब्लॉक कोरा आला. पान अडलं होतं. मी नुसती कविता लावली, खाली त्यांचं नाव आणि दवाखान्याचं गाव:

मान हालवतो मी, त लोक म्हणते होकार हाये;
अरे बाप्पा, हा त माह्या मानेचाच आजार हाये.

कुंपणावरचा, गळ्यात मफलर बांधलेला सरडा वाचकांना दिसला नाही. ती कविता डॉक्टरांवरच आहे, असं सगळ्यांनी धरलं. तुमच्या हाती ती तशी आली असती, तर तुम्हीही तेच धरलं असतं.

चौथ्या दिवशी कवी आले. बसले नाहीत.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"काई नाई. आंधी 'ये रे मगरवाल्या' म्हणत. आता 'अहो, या' म्हणून राहिले."

"चित्र दाखवा ना त्यांना."

"चित्र त तुमच्यापाशी हाये जी."

चित्र नागपूरलाच होतं. खुलासा छापतो, असं मी सांगितलं. पुढच्या दोन अंकांत जागा झाली नाही. तिसऱ्यात दोन ओळी आल्या. तोवर डॉक्टर बदली मागून गेले होते. चित्र परत आल्यावर मी ते कवींना टपालाने पाठवून दिलं. ते पुन्हा कार्यालयात आले नाहीत.

१९८६ मध्ये मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. नंतर मगर, पाल काही काढलं होतं का, असं विचारलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "त्या दिवाळीपासून काईच काढलं नाई. तो सरडा तेवढा डॉक्टरसाहेबाले रजिष्टरनं धाडला."

त्यांनी पेटीतून पोचपावती काढून दाखवली. तिच्यावर डॉक्टरांची सही होती. पत्र आलं नव्हतं.