मूल नाही, असं मी सांगितलं होतं

वहिनी, अर्धापूरच्या घरातून मी मागच्या दारानं निघाले होते. पुढं ओट्यावर नऊ महिन्यांची सई तुमच्या मांडीवर होती आणि माय माझ्या कानात सांगत होती, "पोर खेळायलीय तवर निघ. तुला पाहिलं की लई रडंल." नांदेडला लातूरची एसटी धरली आणि लोहा येईपर्यंत डोळ्यांवरचा पदर काढला नाही.

नोकरी दाल मिलच्या लॅबमधली. तुरीचा ओलावा तपासायचा, नमुने बघायचे. बीएस्सी करून सहा वर्षं घरी बसलेली मी, यांची नोकरी हैदराबादला आणि तीही कंत्राटी, त्यामुळं हे काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मुलाखतीत मालकांनी विचारलं, "लहान मूल आहे का?" मी पटकन "नाही" म्हणाले. त्याची मला आजही लाज वाटते.

दुपारी पान्हा फुटायचा, अॅप्रन ओला व्हायचा. बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायची आणि तोंड धुऊन परत नमुने मोजायला बसायची. तिकडं तुम्ही तुमच्या बाळासोबत सईलाही पाजत होतात. तुमचे उपकार कसे फेडू, हे तर वाटायचंच, पण खरं सांगू का, हेवाही वाटायचा. महिन्यानं घरी आले तर सईनं मला पाहून तुमच्या खांद्यात तोंड लपवलं. तुम्ही म्हणालात, "दोन दिवसांत ओळखंल हो." माझ्याकडं दीडच दिवस होता.

मग कुणाचं ऐकलं नाही, तिला उचलून लातूरला आणलं. सोमवारी कडेवर घेऊनच मिलच्या फाटकात शिरले. डाळ निवडणाऱ्या शांताबाईंनी विचारलं, "मॅडम, कुणाचं लेकरू?" मी म्हणाले, "माझं." लातुरात हे पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं.

तिथंच उभे असलेले मालक म्हणाले, "म्हणजे खोटं बोललात."

"हो. खरं सांगितलं असतं तर घेतलं असतं का?"

आता नोकरी गेली असंच धरून चालले होते. मागून शांताबाई म्हणाल्या, "मालक, आमा बायांची बी चार लेकरं हायत. घरी कोंडून येतो आम्ही." नऊ वर्षं त्या तिथं काम करतात, आणि मालकांना हे माहीत नव्हतं. खरं तर रोज त्यांच्या शेजारून जाणाऱ्या मलाही नव्हतं.

लगेच काही झालं नाही. पंधरा दिवस आम्हा बायांचे मालकांशी वाद चालले. मग नमुन्यांची जुनी खोली रिकामी झाली, पंखा आला. गुडघ्यानं बेजार झालेल्या एका मावशींना निवडायच्या कामाऐवजी पोरं सांभाळायला बसवलं, पगार तोच ठेवला. मला दोनदा पाजायला जाता येऊ लागलं. एवढंच तर लागत होतं.

आता तुम्ही फोनवर म्हणता, नांदेडला नोकरी बघा, घराजवळ या. बघितली. पगारही जास्त होता. तिथल्या साहेबांनी चहा देऊन विचारलं, "मुलीला कोण सांभाळणार?" यांना हैदराबादला हे कधी कुणी विचारलं नाही.

वहिनी, सई तुमचं दूध प्यालेली आहे. दिवाळीला येईल तेव्हा तुमच्याच कुशीत झोपेल, आणि मी बघत बसेन, आता मला हेवा वाटणार नाही. पण राहायला या म्हणून आग्रह करू नका. माझं लेकरू मला लपवावं लागत नाही, ते घर मला इथं सापडलंय.