काकीवर आलेला आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

सुलभा आणि मी लहानपणी मुंबईच्या एका हॉस्पिटलात शेजारच्या खाटांवर होतो. दोघींनाही रक्ताचा कॅन्सर. ती बाळकुमच्या कोळ्यांची, मी डोंबिवलीची. दोघींचे केस गेले, दोघी वाचलो. पण वाचलो म्हणजे काय? मी बावीस वर्षांची झाले तरी साधा ताप आला की घरातले माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. ती भीती फक्त सुलभाला कळायची.

ब्याण्णव साली माझं लग्न ठरलं. बाबांनी आजाराचं खरं सांगून टाकलं. आठ दिवसांत निरोप आला — पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळली होती!

दोन वर्षांनी सुलभाचं ठरलं, माजिवड्याच्या मुलाशी. घरच्यांनी आजार लपवला. "तू कोनाला बोलू नको हां," ती म्हणाली. मी तिचीच शपथ घेतली. साडी निवडायला सोबत गेले — आणि आतून जळत होते. मला नाही, मग हिला का?

साखरपुड्याला मुलाची आत्या माझ्याशेजारी बसली. सहजच म्हणाली, "तुमची ओळख कुठली गं?" शाळेतली, असं सांगायचं आमचं ठरलेलं. मी म्हणाले, "हॉस्पिटलातली." मग तिने विचारलं ते सगळं सांगितलं. तोंडातून निसटलं नाही — मी सांगितलं.

लग्न मोडलं. सुलभा माझ्याकडे आली, मांडीवर डोकं ठेवून रडली. "घरातल्याच कोनीतरी दगा दिला गो. काकीच असल. तिचा नि आईचा पटत नाय."

ही काकी हॉस्पिटलात डबा घेऊन यायची. सुलभाबरोबर मलाही भरवायची. आणि मी काय म्हटलं?

"असेल."

काकीने देवावर हात ठेवून शपथ घेतली. कुणी मानली नाही. सुलभा तिच्याशी परत बोलली नाही, आणि लग्नाचं नावही कुणाला काढू दिलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली काकी वारली. सुलभा मयताला गेली नाही. "जिनं माझा घात केला तिचा तोंड कशाला बघू?" हे ती मलाच म्हणाली, माझा हात धरून. मी हात सोडवून घेतला नाही.