जिनाचं गाऱ्हाणं

अंधेरीच्या स्टुडिओत राजवाडा हवा असो की पोलीस चौकी, ती उभी करायची गुणाजी परबाने. फळ्या ठोकणारे हात पुष्कळ, पण मुकादम तो. आणि कामाला लागण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं तेही त्यानेच. मूळचा मालवणकडचा. बाप गावात देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचा, तो आवाज ह्याच्या गळ्यात उतरलेला. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां उंच चढतत, तेंका सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!" की मागून सगळे सेटिंगवाले एकदम, "होय म्हाराजा!" मगच माणसं बांबूच्या परांचीवर चढायची. हसा हवं तर. कमरेला दोरी न बांधता वर जाणाऱ्यांना दुसरा कसला आधार असतो हो?

ह्या वेळी सेट होता एका भयपटाचा. त्यात बाटलीतला दुष्ट जिन. जो जे मागेल ते तो देतो, पण असं देतो की मागणाऱ्याची वाट लागते. दिग्दर्शक सुबोध, दाढीवाला, उत्साही. त्याने गाऱ्हाणं ऐकलं आणि उडालाच. "काका, काय आवाज आहे यार! माझा जिन तुम्हीच. फक्त मागणं उलटं करायचं. भलं नाही, वाईट मागायचं."

गुणाजीने तिथेच कानाला हात लावायला हवा होता. नाही लावला. अहो, सगळी हयात पडद्यामागे गेली होती. बायकोला, मालनला, दर सिनेमात बोट दाखवून सांगायचं, "तो दरवाजो माझो," आणि ती बघेपर्यंत दरवाजा गेलेला असायचा. आता घाटकोपरच्या खोलीत त्याने बातमी दिली, तर ती म्हणाली, "देवाकडचा मागणा तां. सिनेमात कित्याक?"

"नाटक तां, गो!" म्हणून त्याने विषय मिटवला. पडद्यावर आपलं भलंमोठं तोंड कसं दिसेल, ह्या विचाराने तो मनातून सुखावला होता.

शॉटच्या दिवशी त्याला काळाठिक्कर रंगवला, डोळ्यांत लाल भिंगं बसवली. त्याची माणसं वर परांचीवर बसून मजा बघत होती. कॅमेरा सुरू झाला. गुणाजीने खोल श्वास घेतला. "जो कोण हय हसता, तेच्या घराची राख कर रे म्हाराजा!"

आणि वरून, सवयीने, सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, "होय म्हाराजा!"

सुबोध तर नाचलाच. "झकास! हेच ठेवायचं!" खाली टाळ्या पडल्या. वर कोणी हसलं नाही. एकेक जण बांबू घट्ट धरून खाली उतरला. मधुकर, त्याचा जुना जोडीदार, जवळ येऊन म्हणाला, "गुणा, आमी होय म्हटलंव रे." एवढंच बोलला आणि गेला. तोंडावरचा रंग पुसता पुसता गुणाजीला रडू आलं.

पुढचा सेट देवळाचा होता, चांगला उंच. नारळ ठेवला, गुणाजी हात जोडून उभा राहिला. नेहमीचं मागणं, नेहमीचे शब्द. संपलं. मागून आवाजच आला नाही.

कोणाच्या मनात राग नव्हता. कोणी चपलेशी चाळा करत होतं, कोणी परांचीकडे बघत होतं, आणि वर चढायला पुढे कोणीच होईना. गुणाजीने वळून सगळ्यांकडे पाहिलं. रागावायचं तरी कोणावर? ती माणसं डोळे मिटून 'होय' म्हणायची ती त्याच्या भरवशावर, आणि तो भरवसा त्याने आपलं तोंड पडद्यावर बघायच्या हौसेपायी घालवला होता.

त्याने नारळ उचलला आणि मधुकरच्या हातात दिला. "तू घाल."

"माका खय जमता रे?"

"जमात तुका."

असं म्हणून तो सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. मधुकर अडखळला, मध्येच विसरला, एकच ओळ दोनदा म्हणाला. कसंबसं मागणं पुरं झालं, तेव्हा सगळ्यांच्या आधी गुणाजीच ओरडला, "होय म्हाराजा!" मग बाकीचे म्हणाले, आणि शिड्या लागल्या.