तुर्दुकुलनं अंगण मोकळं केलं

तुर्दुकुल नोकरीत होता तोवर बरा माणूस होता, असं आमच्या इमारतीतले लोक सांगतात. ट्रॉलीबसच्या डेपोत तो तारा जोडायचा, संध्याकाळी थकूनभागून यायचा आणि जेवून झोपायचा. मग तो निवृत्त झाला, वर्षभरात बायको गेली, मुलं केव्हाच वेगळी राहायला गेली होती, आणि घरात उरले दोघंच: तो आणि त्याची चौऱ्याऐंशी वर्षांची आई बात्मा. घर तळमजल्यावर. खिडकीसमोर अंगण. बिश्केकमधल्या कुठल्याही जुन्या चार मजली इमारतीला असतं तसंच ते होतं. दोन झाडं, मुलांना खेळायला वाळूचा हौद, गालिचे झोडपायचा लोखंडी दांडा, कचऱ्याच्या पेट्या आणि दहा-बारा गाड्यांपुरती जागा.

कोपऱ्यावर दातांचा दवाखाना निघाला आणि त्या जागेची वाट लागली. सगळं शहर दात काढायला यायचं आणि गाडी आमच्या अंगणात लावून जायचं. तुर्दुकुलनं आधी पाटी लावली. पाटीवर कोणीतरी थुंकलं. मग त्यानं जुन्या टायरांत सिमेंट ओतून ते ओळीनं मांडले. लोकांनी ते सरकवले. वर्गणी काढून अंगणाच्या तोंडाशी लोखंडी आडवा दांडा बसवला, तर नगरपालिकेची माणसं आली आणि रस्ता सार्वजनिक आहे म्हणून दांडा कापून घेऊन गेली. त्या दिवसापासून तुर्दुकुलनं कायद्याचा नाद सोडला आणि हाताशी असेल त्या वस्तूवर भिस्त ठेवली.

जानेवारीत तो किटली घेऊन बाहेर पडायचा आणि परक्या गाड्यांच्या कुलपांत पाणी ओतायचा. उणे वीसमध्ये पाण्याचं काय होतं ते सांगायला नको. एकदा एक बाई सुजलेला गाल रुमालानं धरून आली, दार उघडेना. तोंड बधिर केलेलं, लाळ गळतेय, तिला धड शिव्याही देता येईनात. ‘ब... ब...’ करत ती खिडकीकडे हात नाचवत राहिली आणि आत तुर्दुकुल चहाचा घोट घेत तिची नक्कल करत होता. वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येऊन पोट धरून हसले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्याला अंगणाचा प्रमुख निवडलं. निवडणाऱ्यांना आज विचारा, कोणी कबूल होणार नाही.

आईची मात्र तो सेवा करायचा, हे नाकारता येणार नाही. तीन वर्षांपासून बात्माचे पाय गेले होते. तुर्दुकुल तिला न्हाऊ घालायचा, केस विंचरायचा, दुधाचा चहा पाजायचा आणि उचलून खिडकीतल्या खुर्चीत बसवायचा. तिथं बसून म्हातारी दिवसभर गाड्या बघायची. गाडी आत वळली की मान पुढे करून विचारायची, “आपल्याकडे कोणी?”

“आपल्याकडे कोण येणार, आपा? दातवाले आहेत.” आईला तो आपा म्हणायचा, आमच्यात सगळेच म्हणतात.

ती वाट बघायची ती दोनच माणसांची. एक धाकटा भाऊ मामासाली, कोचकोरच्या डोंगरात राहणारा. दुसरी मुलगी गुलसुन, जी अकरा वर्षांपूर्वी मॉस्कोला कामाला गेली ती गेलीच. दर फोनवर ती म्हणायची की या उन्हाळ्यात नक्की येते. कुठला उन्हाळा ते तिनं कधी सांगितलं नाही.

भाऊ मात्र एकदा खरंच आला. नवरोजचा दिवस होता, तुर्दुकुल नान आणायला गेला होता. परत येतो तो त्याच्या स्वतःच्या जागेवर चिखलानं माखलेली परजिल्ह्याची गाडी. सणासुदीलासुद्धा यांना लाज नाही, असं म्हणत त्यानं खिशातला टोच्या काढला आणि चारही चाकं एकामागून एक फोडली. मग हात झटकत घरात शिरला आणि दारातूनच मोठ्यानं म्हणाला, “आपा, आणखी एकाची जिरवली बघ.”

आत मामासाली बसला होता. बहिणीचा हात हातात, समोर चहाची वाटी. गाडी त्याच्या शेजाऱ्याची होती, एवढ्या प्रवासासाठी मागून आणलेली. त्यानं वाटी खाली ठेवली, बाहेर जाऊन चाकं पाहिली आणि परत दारात येऊन भाच्याला म्हणाला, “भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले बरे, असं आपले पूर्वज म्हणायचे. मला वाटायचं गमतीनं म्हणत असतील. आता या अंगणात मी पाय ठेवीन तो तुझ्या आईच्या मातीला. त्याआधी नाही.”

डोंगरातल्या माणसाचा शब्द. तुर्दुकुलनं माफी मागितली, नवे टायर देऊ केले. मामासाली टायर घेऊन गेला, शब्द मागे घेतला नाही. म्हातारी कितीतरी दिवस मुलाशी बोलली नाही. शेवटी बोलली ती एवढंच, “माझ्याकडे येणारी एक गाडी होती.”

एवढ्यानं दुसरा कोणी शहाणा झाला असता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ऑक्टोबरात दवाखान्यानं दर उतरवले आणि अंगणात मुंगीला शिरायला वाट राहिली नाही. कोणीतरी मालवाहू गाडी अशी लावली की म्हातारीच्या खिडकीत उजेडच येईना. तेव्हा तुर्दुकुलला तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांची मयत आठवली. उन्हाळ्यात मास्तर वारले होते आणि आपल्या रीतीप्रमाणे अंगणात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, पांढरा गोल तंबू उभा राहिला होता. आत मयत, बाहेर काठीवर वाकून रडणारे मुलगे. तीन दिवस एकही परकी गाडी आत आली नव्हती. भलेभले उर्मट ड्रायव्हर अंगणाच्या तोंडाशी थांबायचे, दुआ म्हणून दोन्ही तळवे तोंडावरून फिरवायचे आणि मुकाट्यानं मागे जायचे. मास्तरांनी तुर्दुकुलच्या मुलांना शिकवलं होतं. त्यांच्याबद्दल त्याच्या लक्षात राहिलं ते हे.

त्याचा मेहुणा लग्नकार्याला तंबू भाड्यानं द्यायचा. तुर्दुकुलनं त्याच्याकडून एक मागून आणला, नमद्याला ऊन दाखवून परत देतो म्हणून, आणि मालवाहू गाडी निघाल्या निघाल्या सकाळीच खिडकीसमोर उभा केला. तो कोणाशी एका अक्षरानं खोटं बोलला नाही, याचा त्याला फार अभिमान होता. कोणी विचारलंच नाही. मयताच्या दारात कोण विचारतं? त्या घरात चौऱ्याऐंशीची म्हातारी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. इमारतीतल्या लोकांनी आपापल्या गाड्या गुपचूप काढून नेल्या. वरच्या बुबुसारानं, जी माहेरची कोचकोरची, गॅलरीतून तंबूचा फोटो काढला आणि डोळे पुसत माहेरी पाठवून दिला.

बात्मानं खिडकीतून तंबू पाहिला आणि विचारलं, “कोण गेलं?”

“कोणी नाही, आपा. गाड्यांसाठी आहे.”

“म्हणजे माझाच,” म्हातारी म्हणाली. “या घरात दुसरं म्हातारं कोण आहे?”

तुर्दुकुल हसण्यावारी नेऊन बाहेर गेला. रिकामं अंगण त्याला कधी नव्हे ते डोळे भरून बघायचं होतं. त्यानं झाडू घेतला आणि कडेची पानं लोटू लागला. दुपार कलली तेव्हा अंगणाच्या तोंडाशी एक मिनीबस थांबली. तिच्यातून पाच म्हातारे उतरले आणि उतरताच, आपल्यात पुरुष करतात तसे, मोठ्यानं आक्रोश करत तंबूकडे धावत सुटले. पुढे मामासाली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, टोपी पडली तरी थांबला नाही. “एजे! माझी एजे गं! मला न सांगता कुठं गेलीस गं!” थोरल्या बहिणीला तो जन्मभर एजेच म्हणत आला होता. त्यानं भाच्याला मिठी मारली, गळ्यात पडून हुंदके दिले, नवरोजचं सगळं विसरला. तुर्दुकुल हातात झाडू घेऊन तसाच उभा. त्याला नुसतं ‘तायके’ म्हणता आलं, म्हणजे मामा.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. खिडकीची वरची झडप उघडी होती आणि तिच्यातून म्हातारीचा आवाज आला, “मामासाली, टोपी घाल, थंडी आहे.”

पाचांपैकी एक म्हातारा मटकन वाळूत बसला. मामासालीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं काठी उचलली आणि भाच्याच्या पाठीत दोन घातल्या. तिसरीला दम पुरला नाही. बहीण जिवंत आहे याचा आनंद त्याच्या तोंडावर एक क्षणसुद्धा दिसला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. सगळ्या गावादेखत रडत निघालेला माणूस तो, आता गावाला काय तोंड दाखवणार?

“मी मातीला आलो होतो,” तो खिडकीकडे न बघता म्हणाला. “माती नसेल तर मी इथं उभा नाही. चला रे.”

“थांब,” बात्मा म्हणाली. “तंबू उभा आहे, तू रडलास. माती म्हणजे आणखी काय असतं? तुर्दुकुल, मला उचल.”

त्यानं उचललं. तिच्याच सांगण्यावरून त्यानं तिला तंबूत नेलं आणि उजव्या अंगाला, पडद्याआड, जिथं बाईची मयत ठेवतात तिथं गाद्या घालून टेकवून बसवलं. मामासाली दाराशी घुटमळला, मग वाकून आत शिरला. मेलेल्या बहिणीपाशी बसायला त्याच्या शब्दाची आडकाठी नव्हती. तुर्दुकुल मागोमाग आत येऊ लागला तशी म्हातारी म्हणाली, “तू कुठं येतोस? मुलाची जागा बाहेर. काठी धर आणि रड.”

त्याला वाटलं, थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. त्यानं झाडूचा दांडा धरला, कमरेत वाकला आणि हळूच काहीतरी पुटपुटला.

“वरपर्यंत ऐकू गेलं पाहिजे,” आतून आवाज आला.

मग तो मोठ्यानं रडला. कोचकोरचे म्हातारे वाळूच्या हौदाच्या कठड्यावर बसून नीट रडतोय की नाही ते बघत होते. गॅलऱ्यांत माणसं जमली, सगळ्यांचे फोन वर. अंगणाच्या तोंडाशी दातवाले गाल धरून उभे राहिले. एकेकाळी त्याच्याबरोबर हसलेले शेजारी आता त्याला हसत होते. आणि तंबूत दोघं भावंडं कुठल्याशा लंगड्या घोडीची गोष्ट काढून खिदळत होती. या घरात आई शेवटची कधी हसली ते तुर्दुकुलला आठवेना. त्याला त्या हसण्याचा राग आला. न्हाऊ घालणारा मी, भरवणारा मी, आणि ही हसते याच्याजवळ.

ऊन उतरलं तसा मामासाली उठला. “खऱ्या वेळी मी येणार नाही, एजे,” तो म्हणाला. “माझं रडून झालं.”

“नको येऊस,” ती म्हणाली. “तेव्हा मला थोडंच दिसणार आहे?”

मिनीबस गेली. तुर्दुकुलचा घसा बसला होता. तो तंबूच्या दोऱ्या सोडायला लागला, तर म्हातारीनं अडवलं. तिचे डोळे लकाकत होते. “राहू दे. गुलसुनला कळलं असेल एव्हाना. मॉस्कोहून विमान चार तासांचं. गेलेल्या माणसाला तीन दिवस ठेवतात ते लांबच्यांसाठीच.”

“आपा, तिला मी काय सांगू?”

“मेले म्हणून सांग.”

“अशुभ असतं.”

“सकाळपासून काय शुभ करतोयस?”

आणि फोन आलाच. मॉस्कोच्या कोणीतरी गाववाल्यानं तिला फोटो दाखवला होता. म्हातारीनं खूण केली तसा तुर्दुकुलनं आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये गादीवर ठेवला. गुलसुन रडत होती. खरं का रे, खरं का, एवढंच विचारत होती. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली.

“हो,” तो म्हणाला. रडून रडून घोगरा झालेला आवाज. कोणालाही पटला असता.

पलीकडे ती बराच वेळ रडली. म्हातारी पुढे झुकून, फोनला कान लावल्यासारखी, ऐकत होती. मुलगी आपल्यासाठी रडतेय हे ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते तुर्दुकुलला बघवेना. मग गुलसुननं नाक पुसलं आणि तिचा आवाज सुधारला.

“ऐक, माझ्यासाठी थांबू नका. उद्याच माती द्या. नवीन जागा आहे, सुट्टी मागितली तर दुसरीला ठेवतील. चाळिसाव्या दिवसाला बघते. चाळिसाव्याला नाही जमलं तर वर्षश्राद्धाला येतेच येते.”

तुर्दुकुलनं फोन उचलायला हात पुढे केला, आईनं तो बाजूला सारला.

“बाइके,” ती म्हणाली. थोरल्या भावाला ती लहानपणापासून अशीच हाक मारायची. “शेवटी तिनं माझी आठवण काढली का रे?”

तुर्दुकुलनं पुन्हा आईकडे पाहिलं. ती मागे गादीला टेकली होती. तिनं नाही अशी मान हलवली.

“नाही,” तो म्हणाला. “झोपेतच गेली.”

“बरं झालं,” गुलसुन म्हणाली, आणि तिचा सुस्कारा तंबूभर ऐकू आला. “नाहीतर माझ्या मनाला लागून राहिलं असतं.”

फोन बंद झाला. म्हातारी तंबूच्या वरच्या गोल झरोक्याकडे बघत पडून राहिली. तिथून थोडंसं आभाळ दिसत होतं. तुर्दुकुलनं तिच्या पायांवर रजई ओढली, चहा आणू का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली.

“उतरव आता,” ती थोड्या वेळानं म्हणाली. “लोकांना गाड्या लावायच्या असतील.”